दहा-नऊ-आठ : मुलांच्या हाकेला धावणारा नंबर आणि आपला सीमाभाग

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनाला माणसांचा पूर लोटतो. माघात चिंचलीला मायाक्कादेवीची यात्रा भरते. बेळगावात गणपती विसर्जनाच्या रात्री मुंगीला शिरायला जागा नसते. अशा प्रत्येक गर्दीत लाउडस्पीकरवरून एक सूचना हमखास ऐकू येते. निळा शर्ट घातलेला एक लहान मुलगा मंडपात बसलेला आहे, त्याच्या आईवडिलांनी लवकर यावे. बहुतेक वेळा आई धावत येते, आधी एक धपाटा, मग मिठी, आणि गोष्ट तिथेच संपते.

कधी मात्र ती संपत नाही. तेव्हा कोणाला फोन करायचा, तक्रार कर्नाटकात द्यायची की महाराष्ट्रात, आधी नातेवाइकांकडे शोधायचे की थेट पोलिसांत जायचे, याचा घरातल्या कोणीच विचार केलेला नसतो. हा विचार आधीच झालेला असावा, म्हणून हा लेख. त्यासाठी मुंबईत सुरू झालेल्या आणि देशभर पोचलेल्या एका संस्थेची हकिगत आधी समजून घेऊ.

मुंबईच्या फुटपाथवरून

१०९८ हा नंबर आपण शाळेच्या भिंतीवर, रेल्वे स्टेशनवर, पाठ्यपुस्तकाच्या पानावर पाहिलेला असतो. तो सुरू झाला जून १९९६ मध्ये, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. तिथे शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावर राहणाऱ्या मुलांमध्ये काम करत होत्या. अडचण आली की ही मुले त्यांना घरी फोन करत, बरेचदा रात्री. कोणाला मारहाण झालेली असे, कोणाचा मित्र तापाने फणफणलेला असे, कोणाला पोलिसांनी उचललेले असे. या फोनवरून त्यांच्या लक्षात आले की शहरात संस्था आहेत, दवाखाने आहेत, निवारे आहेत, पण रात्री अडचणीत सापडलेल्या मुलाला तिथपर्यंत नेणारे कोणी नाही.

एकट्या बाईने किती फोन घ्यायचे? म्हणून संस्थेचा एक प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला : चाइल्डलाइन. फोन फुकट, सेवा चोवीस तास. नंबर दहा-नऊ-आठ असा उलट्या मोजणीसारखा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही तोंडपाठ व्हावा. फोन उचलणाऱ्यांत स्वतः रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. पलीकडचा मुलगा घाबरून गप्प बसला, तर ती शांतता त्यांना कळत असे.

एक नंबर देशभर कसा गेला

मुंबईतला प्रयोग पाहून १९९८ मध्ये केंद्र सरकारने ही सेवा इतर शहरांत नेण्याचे ठरवले आणि १९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिची घडण समजून घेण्यासारखी आहे. गावोगाव आपल्या शाखा काढण्याऐवजी तिने त्या त्या शहरात आधीपासून काम करणाऱ्या संस्थांना जोडून घेतले. नंबर, प्रशिक्षण आणि कामाची पद्धत फाउंडेशनची. प्रत्यक्ष धावून जाणारी माणसे स्थानिक, तिथली भाषा आणि तिथले रस्ते माहीत असलेली. पैशांचा मुख्य भार केंद्र सरकारवर.

फोन आल्यापासून साठ मिनिटांत मुलापर्यंत पोचायचे, हे या कामाचे उद्दिष्ट होते. मूल हाती आले म्हणजे काम संपले, असेही नव्हते. औषधोपचार, निवारा, बाल कल्याण समितीसमोर हजर करणे, घर सापडले तर घरी पोचवणे आणि नंतरही चौकशी करत राहणे, हे सगळे त्यात येत असे. पुढे रेल्वे स्टेशनांवर मुलांसाठी मदत केंद्रे सुरू झाली, कारण घरातून निघालेले मूल बहुतेकदा आधी गाडीत बसते. पंचवीस वर्षांत ही सेवा देशातल्या सहाशेच्या आसपास जिल्ह्यांत पोचली. बिलिमोरिया यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा सेवांची आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी केली.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा अवघ्या अकरा दिवसांत अत्याचारापासून संरक्षण मागणारे ९२ हजारांहून अधिक फोन या नंबरवर आल्याचे संस्थेने जाहीर केले. रस्ते ओस होते, अनोळखी माणूस फिरकत नव्हता, तरी हे फोन आले. धोका दर वेळी बाहेरूनच येतो, ही आपली समजूत त्याने खोटी ठरवली. पोक्सो कायद्याखालील गुन्ह्यांची सरकारी आकडेवारीही तेच सांगते. लैंगिक अत्याचाराच्या गंभीर प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीतलाच असतो.

संस्थेकडून सरकारकडे

जुलै २०२२ मध्ये केंद्राने मिशन वात्सल्य योजनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १०९८ ची सेवा राज्य सरकारांकडे सोपवण्याचा निर्णय झाला. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने महिला व बालविकास खात्याकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे गेली, आणि ११२ या आणीबाणीच्या नंबरशी जोडली जाऊ लागली.

या बदलाबद्दल दोन मते आहेत. सरकारी यंत्रणा पाठीशी असली की गाडी, पोलीस आणि अधिकार लवकर मिळतात, असे एक मत. दुसरे मत या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे. घाबरलेले मूल खाकी वर्दीशी जितके बोलेल, त्यापेक्षा जास्त ते ओळखीच्या ताई-दादाशी बोलते. स्वयंसेवी संस्थांनी मिळवलेला हा विश्वास सरकारी टेबलावर टिकेल का, ही त्यांची काळजी. ती रास्तच आहे. आपल्यासाठी महत्त्वाचे इतकेच, की नंबर बदललेला नाही. कर्नाटकातही तोच, महाराष्ट्रातही तोच.

अफवेचे बळी

आपल्या भागात मुले पळवण्याची भीती निराधार नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे प्रकरण उघडकीला आले तेही १९९६ मध्येच. कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा शहरांच्या गर्दीतून त्यांनी मुले पळवली, चोऱ्या करताना ढालीसारखी वापरली आणि काहींचा जीव घेतला. निपाणी-चिकोडीच्या घरांतली चाळिशीपुढची माणसे ते दिवस विसरलेली नाहीत. म्हणूनच मोबाइलवर "टोळी आली आहे" असा मेसेज आला की आपला त्यावर चटकन विश्वास बसतो.

पण या विश्वासाची किंमत काय पडते, तेही पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. त्याच महिन्यात बीदर जिल्ह्यात हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये, आपल्यापासून फार लांब नसलेल्या जत तालुक्यातल्या लवंगा गावात, रस्ता विचारणाऱ्या चार साधूंना काठ्या-पट्ट्यांनी मारहाण झाली.

२०१८ मध्ये फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकाची गोष्ट तर सर्वांना सांगावी अशी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, असे त्यात दिसत होते. मूळ फिल्म कराचीतल्या, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली फिल्म अशा रीतीने निरपराध माणसांच्या जिवावर उठली.

संशय आलाच, तर त्या माणसाला बसवून ठेवावे, पाणी द्यावे आणि ११२ ला फोन करावा. हात उचलू नये. मेसेज पुढे ढकलू नये.

मूल हरवले, तर

निपाणीहून कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. हमरस्त्यावर बसलेले मूल तासाभरात दुसऱ्या राज्यात पोचते. त्यामुळे आपल्याकडे वेळेचे महत्त्व इतरांपेक्षा जास्त आहे. चोवीस तास वाट पाहावी लागते, हा समज चुकीचा आहे. असा कोणताही नियम नाही.

सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी स्पष्ट केले, की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि ते अपहरण किंवा तस्करी असू शकते असे गृहीत धरूनच तपास सुरू केला पाहिजे. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. मूल निपाणीचे आणि शेवटचे दिसले कागलला, तरी "तिकडे जा" हे उत्तर कायद्याला धरून नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

१. घर, शेजार, शाळा आणि मित्र यांच्याकडे एकाने शोधावे. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ आणि १०९८ ला फोन करावा. मूल रेल्वेने गेले असण्याची शक्यता वाटली, तर १३९ लाही.

२. मुलाचा अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, शरीरावरची खूण आणि ते कोणती भाषा बोलते, हे सांगावे.

३. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाईल. सही करण्यापूर्वी ती वाचून दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. कन्नड वाचणारे माणूस सोबत न्यावे आणि एफआयआरची प्रत मागून घ्यावी. ती फुकट मिळते.

४. दुसऱ्याचे हरवलेले मूल आपल्याला सापडले, तर ते मायेने घरी ठेवून घेऊ नये. बाल न्याय कायद्यानुसार चोवीस तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समितीला कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे.

घरातला अर्धा तास

सीमाभागातल्या मुलांची एक खास अडचण आहे. घरात मराठी बोलणारे पाच वर्षांचे मूल हुबळीच्या बसस्टँडवर सापडले, तर विचारणारा त्याच्याशी कन्नडमध्ये बोलणार. घाबरलेले मूल गप्प बसणार. म्हणून आपल्या मुलांना दोन्ही भाषांत चार वाक्ये पाठ करून घ्यावीत. माझे नाव अमुक : "नन्न हेसरु". माझे गाव अमुक : "नन्न ऊरु". मग आईचा किंवा वडिलांचा मोबाइल नंबर, आकडे दोन्ही भाषांत. गावासोबत तालुका आणि जिल्हाही, कारण एकाच नावाची गावे ढीगभर असतात. यात्रेला निघताना खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा आधीच दाखवून ठेवावी.

घरातल्यांपुरता एक खुणेचा शब्दही ठरवावा. शाळेबाहेर "तुझ्या बाबांनी पाठवलंय" असे कोणी म्हणाले, तर मुलाने तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही, तर त्याच्यासोबत जायचे नाही, मग तो ओळखीचा काका का असेना.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त राहून जाते. मूल काही सांगू लागले की हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे, आणि "असं काही नसतं" म्हणून त्याला गप्प करू नये. १०९८ ची सेवा उभी राहिली ती रात्री-अपरात्री येणारा मुलांचा फोन कोणीतरी उचलत होते म्हणून. नंबर मुलांना जरूर पाठ करून द्यावा, पण त्यांची पहिली हाक घरातच ऐकली जावी.