अपंग कार्यकर्त्यांचे नेतृत्वप्रशिक्षण : उगम, स्वरूप आणि उपयोग

वंचित समाजातील अपंग व्यक्तीला स्वतःच्या समूहाच्या वतीने बोलण्याची, हक्क मागण्याची आणि संघटना चालवण्याची जी पद्धतशीर तयारी करून दिली जाते, तिला अपंग कार्यकर्त्यांचे नेतृत्वप्रशिक्षण म्हणता येईल. पुनर्वसन किंवा व्यवसायशिक्षणाहून ते भिन्न आहे. पुनर्वसनात व्यक्ती स्वतःच्या पायावर उभी राहते. नेतृत्वप्रशिक्षणात ती इतरांचा प्रश्न निर्णय घेणाऱ्यांपुढे मांडायला शिकते. वर्ण, जात किंवा लिंग यांमुळे आधीच दूर ठेवल्या गेलेल्या समूहातील अपंगांना या शिक्षणाची गरज अधिक असते. कारण त्यांच्या समाजाची चळवळ त्यांचे अपंगत्व विसरते आणि अपंगांची चळवळ त्यांची जात किंवा वर्ण विसरते.

या विचाराचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात सापडते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ नुसार सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना अपंगांविषयी भेदभाव करण्यास बंदी होती, पण नियमांअभावी ते कलम कागदावरच राहिले होते. ५ एप्रिल १९७७ पासून सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात अपंगांनी ठिय्या दिला. चाकाची खुर्ची वापरणारे ब्रॅड लोमॅक्स हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते त्यात होते. त्यांच्यामुळे पक्षाने आंदोलकांना रोज गरम जेवण पुरवले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. दोन्ही चळवळींत वावरलेल्या एका कार्यकर्त्यामुळे त्या परस्परांच्या मदतीला आल्या.

याच ब्लॅक पँथर पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर या संघटनेची स्थापना झाली. नेतृत्व घडवावे लागते हा विचार मात्र महाराष्ट्रात त्याआधीच रुजला होता. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा सुरू करवली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि शाळा फार काळ चालली नाही, परंतु लोकप्रतिनिधीला अभ्यास, वक्तृत्व आणि कायद्याचे ज्ञान शिकवले पाहिजे ही त्यामागची दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

अपंगांच्या स्वतःच्या नेतृत्वाचे उत्तम उदाहरण नसीमा हुरजूक यांचे आहे. किशोरवयात कमरेखालचे शरीर बधिर झाल्यावर बाबूकाका दिवाण या स्वतः अपंग असलेल्या उद्योजकाकडून त्यांना उमेद मिळाली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह आणि शाळेपाठोपाठ सिंधुदुर्गात कुडाळ परिसरात ‘स्वप्ननगरी’ आणि तेथील काजूप्रक्रिया उद्योग उभा राहिला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. एका अनुभवी अपंग व्यक्तीने दुसरीला घडवणे, म्हणजेच समदुःखी मार्गदर्शन, ही प्रशिक्षणाची सर्वांत परिणामकारक रीत होय.

जात आणि अपंगत्व यांचा संबंध आकडेवारीतही दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात अनुसूचित जातीतील एका अंध स्त्रीवरील अत्याचाराचा विचार करताना जात, लिंग आणि अपंगत्व हे भेदभाव एकमेकांत गुंतलेले असतात, हे स्पष्ट केले. बलात्काराची शिक्षा कायम राहिली, मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील दोषसिद्धी पुराव्याअभावी टिकली नाही. तक्रार नोंदवताना कोणती बाब कागदावर आली पाहिजे, हे जाणणारा कार्यकर्ता गावात असणे किती मोलाचे आहे, ते यावरून कळते.

अभ्यासक्रमाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला कायद्याचा : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य झाले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के झाले. दुसरा कागदपत्रांचा : यात अपंगत्वाचा दाखला, वैश्विक ओळखपत्र, माहिती अधिकाराचा अर्ज आणि अपील येतात. तिसरा सभाशास्त्राचा : विषयपत्रिका, ठराव आणि इतिवृत्त. चौथा संवादसाधनांचा : ब्रेल, पडदावाचक संगणकप्रणाली, सांकेतिक भाषेचा दुभाषी आणि उताराची वाट. ही साधने प्रशिक्षणवर्गातच नसतील तर वर्ग ज्यांच्यासाठी भरवला त्यांनाच तो बंद राहतो.

आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे त्या रत्नागिरीत या शिक्षणाला विशेष वळण द्यावे लागते. नऊ तालुक्यांतील गावे डोंगरउतारावर वाड्यावाड्यांत विखुरलेली आहेत. बौद्धवाडी बहुधा गावाच्या कडेला असते आणि तिथून ग्रामपंचायतीपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या व पावसात निसरडी पायवाट. तरुण माणसे मुंबईला, त्यामुळे अपंगाला सभेला नेणारा हातही घरात नसतो. जमेची बाजूही आहे. बौद्धजन पंचायत समिती या बौद्ध समाजाच्या संघटनेच्या गावशाखा आणि मुंबईतील मंडळे यांमुळे वर्गणी, हिशेब आणि इतिवृत्त यांची सवय कोकणात जुनी आहे. त्या बैठकांत अपंग सभासदाला चिटणीसपद दिले, तर प्रशिक्षणाची निम्मी वाट तिथेच पूर्ण होते.

प्रशिक्षणाचा उपयोग ठोस कामांत दिसतो. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ग्रामसभेत त्या खर्चाचा हिशेब विचारणारा माणूस हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. तिच्यापुढे गावाचा प्रश्न नेमका मांडता आला पाहिजे. तमिळनाडू विधानसभेने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंगांच्या नामनियुक्तीची तरतूद मंजूर केली. अशी जागा मिळते तेव्हा ती पेलणारी व्यक्ती आधीच तयार असावी लागते. म्हणून अशा प्रशिक्षणाचे यश प्रमाणपत्रांवरून मोजू नये. प्रशिक्षित कार्यकर्त्याने किती ठराव मंजूर करून घेतले आणि आपल्यामागे किती जणांना उभे केले, यावरून ते मोजावे.