रापण : पुष्कळ हात, एक हाक

मासेमारी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकटा माणूस उभा राहतो : हातात गळ, नजर पाण्यावर आणि भोवती शांतता. नदीच्या किंवा तळ्याच्या काठी हे चित्र खरे असेलही. परंतु गोव्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या वाळूच्या किनाऱ्यावर पहाटे जाऊन उभे राहिल्यास कधीकधी अगदी निराळे दृश्य दिसते. पन्नास-साठ माणसे दोन रांगांत उभी राहून समुद्रातून येणारे दोन दोर ओढीत असतात. त्यांत मिसरूड न फुटलेली मुले असतात, सत्तरी गाठलेले आजोबा असतात, पदर खोचून उभ्या राहिलेल्या बायकाही असतात. खोल समुद्रात न जाता, किनाऱ्यालगतच्या पाण्यात, पुष्कळांनी मिळून करावयाच्या या मासेमारीला रापण असे म्हणतात. कोकणीत तिला रांपण आणि कारवारकडे रांपणी असे नाव आहे. ही विद्या कशी चालते, तिला इतकी माणसे कशासाठी लागतात आणि आज ती मागे का पडत चालली आहे, हे थोडक्यात सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम समुद्राची बाजू पाहू. पावसाळ्यात वारे आणि प्रवाह यांच्या योगाने पश्चिम किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाजूला सरते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात पोषक द्रव्ये विपुल असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या वनस्पतींवर सूक्ष्म जीव पोसतात आणि या चाऱ्यामागोमाग तारली व बांगडा हे मासे प्रचंड थव्यांनी किनाऱ्याकडे येतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यानंतर समुद्र हळूहळू शांत होऊ लागतो आणि रापणकरांचा खरा हंगाम सुरू होतो. म्हणजे ज्या पावसात होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवाव्या लागतात, तोच पाऊस पुढच्या हंगामाची शिदोरी तयार करीत असतो.

मासा किनाऱ्याजवळ आला म्हणून कोठेही रापण लावता येते असे मात्र नाही. तिला लांब, सपाट आणि वाळूचा तळ हवा. तळाशी खडक असले तर जाळे अडकते व फाटते. गोव्यात सासष्टी तालुक्याच्या बाजूला वेळसावपासून मोबोरपर्यंत वीस किलोमीटरहून अधिक लांबीची वाळूची सलग पट्टी आहे. कोलवा, बाणावली ही आपल्या परिचयाची गावे याच पट्टीवर आहेत. उत्तरेस मोरजी, मांद्रे, केरी आणि पुढे मालवणाजवळील तारकर्ली येथेही असाच वाळूचा किनारा आहे. रापणीची परंपरा अशा ठिकाणी रुजली, यात नवल नाही.

आता जाळ्याकडे वळू. रापणीचे जाळे म्हणजे पाण्यात उभी केलेली एक लांबच लांब भिंत होय. मोठ्या रापणीत ही भिंत अर्ध्या किलोमीटरपासून एक किलोमीटरहूनही अधिक लांबीची असते. तिच्या वरच्या काठाला तरंगणारे ठोकळे बांधलेले असतात, खालच्या काठाला वजने असतात. त्यामुळे वरचा काठ पाण्यावर राहतो, खालचा तळाला टेकतो आणि मधे जाळे ताणून उभे राहते. दोन्ही बाजूंच्या पंखांची भोके मोठी असतात. मधल्या भागाची, जेथे मासा अखेर गोळा व्हावयाचा असतो तेथील, बारीक असतात. पूर्वी हे जाळे सुताचे किंवा तागाचे असे आणि ते टिकावे म्हणून झाडांच्या सालीच्या रसात बुडवून काढीत. ओढण्याचे दोर काथ्याचे असत. आता नायलॉनने या दोहोंची जागा घेतली आहे. परंतु आकार आणि तत्त्व तेच आहे. विशेष हे की, एवढे मोठे जाळे पुष्कळदा एकाच्या मालकीचे नसे. निरनिराळ्या घरांनी आपापला तुकडा आणावयाचा आणि सगळे तुकडे जोडून एक जाळे करावयाचे, अशी रीत होती. जाळ्याच्या शिवणीतच गावाची शिवण होती, असे म्हटले तरी चालेल.

या सर्व कामाचा सूत्रधार म्हणजे तांडेल. तो पहाटे किनाऱ्यावर उभा राहून पाणी वाचतो. एखाद्या ठिकाणी पाण्याचा रंग गडद झाला आहे काय, वारा नसताना पृष्ठभागावर बारीक लहरी उठतात काय, कुरव आणि सुरय हे पक्षी एकाच जागी पुनःपुन्हा सूर मारतात काय, हे तो पाहतो. काळोख्या रात्री पाण्यातील सूक्ष्म जीव हालचालीने चमकतात. मासा हलला की पाण्यात निळसर उजेडाची रेघ उमटते. त्या रेघेवरूनही अनुभवी डोळा थवा ओळखतो. थवा दिसला की उलांडी लावलेली होडी पाण्यात जाते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, थव्याला बाहेरून वळसा घालीत जाळे सोडते आणि अर्धवर्तुळ पुरे करून दुसरा दोर काही अंतरावर किनाऱ्यास आणून देते. आता मासा एका बाजूने जाळ्याने आणि दुसऱ्या बाजूने किनाऱ्याने वेढला गेला.

येथून पुढचे काम हातांचे. दोन्ही बाजूंच्या रांगा दोर ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात. येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल : भिंतीला भोके असताना मासा निसटत कसा नाही? याचे उत्तर माशाच्या स्वभावात आहे. थव्याने राहणारा मासा समोर अडथळा दिसला की त्यातून घुसण्याऐवजी त्याच्या कडेकडेने पोहू लागतो. जाळे हळूहळू सरकते, तसा तोही हळूहळू मधल्या भागाकडे वळतो. मात्र त्यासाठी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खालचा काठ तळावरून उचलला जाता कामा नये, दोन्ही दोर सारख्या वेगाने आले पाहिजेत आणि मासा बुजेल असा हिसका बसता कामा नये. म्हणूनच या ओढण्यास दोन-तीन तासही लागतात. जोर पुष्कळ आहे म्हणून काम लवकर होईल, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

याचा धडा आमच्या शाळेच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी घेतला. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आठवीचा वर्ग घेऊन आम्ही पेडणे तालुक्यातील एका किनाऱ्यावर गेलो होतो. तांडेलांची परवानगी आधीच घेतली होती. वृद्ध तांडेलांनी मुलांना दोन गटांत विभागून दोन्ही दोरांवर लावले. प्रथम सर्व ठीक चालले. परंतु थोड्याच वेळात उत्तरेकडच्या गटाला स्पर्धेचा उत्साह चढला. दक्षिणेकडच्या मुलांपेक्षा आपला दोर आधी आला पाहिजे, या ईर्ष्येने त्यांनी एकदम जोर लावला. "सवकास रे पोरांनो, सवकास!" असे तांडेल ओरडले, तोवर उशीर झाला होता. ती बाजू पुढे खेचली गेली, खालचा काठ वाळूवरून उचलला आणि पाण्यावर क्षणभर रुपेरी चमक उठून नाहीशी झाली. जाळे किनाऱ्यास लागले तेव्हा त्यात अंदाजाच्या मानाने फारच थोडा बांगडा होता.

मुलांची तोंडे उतरली. जो मासा गेला तो चाळीस घरांच्या सकाळच्या कमाईचा होता, हे आठवीतल्या मुलालाही कळत होते. एक मुलगा पुढे होऊन म्हणाला, "तांडेलकाका, चूक आमची झाली." तांडेलांनी त्याच्याकडे पाहिले, जाळ्याकडे पाहिले आणि वाटे पाडावयास घेतले. शेवटी त्यांनी मुलांसाठीही एक वाटा बाजूला काढला. आम्ही तो घेण्यास कचरलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "हात लायला जाल्यार वांटो आसाच." हात लावला, म्हणजे वाटा आहेच.

या एका वाक्यात रापणीचा सारा कायदा सामावलेला आहे. पकड किनाऱ्यावर आली की तिचे वाटे होतात. होडीचा वाटा, जाळ्याच्या तुकड्यांचा वाटा, तांडेलाचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. आणि जो गरजू माणूस येऊन दोराला हात लावतो, त्याच्याही टोपलीत मूठभर मासळी पडते. गावातील विधवा, वृद्ध, शाळेपूर्वी धावत आलेली मुले, कोणीही रिकाम्या हाताने परत जात नसे. सहकार हा शब्द पुस्तकांतून शिकण्यापूर्वी आपल्या किनाऱ्याने तो अशा रीतीने आचरणात आणला होता.

अलीकडे शाळांच्या सहली आणि प्रवाशांचे मोठे गट रापण पाहावयास, क्वचित् दोर ओढावयासही जातात. त्यांच्यासाठी चार सूचना अनाठायी होणार नाहीत. तांडेलांस विचारल्यावाचून दोराला हात लावू नये. दोराचे वेढे पडलेले असतील तेथे पाय ठेवू नये आणि दोर मनगटाला कधीही गुंडाळू नये. लाटेने जाळे मागे खेचले तर हात सुटणार नाही. गुडघ्यापेक्षा अधिक पाण्यात उतरू नये. मासळी उघड्या हाताने चाचपू नये, कारण शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा फार वेदना देतात. जाळ्यात कासव आल्यास ते तत्काळ समुद्रात सोडले जाते. ते संरक्षित प्राणी आहे, त्यास घेरून गोंधळ करू नये. आणि सर्वांत मोठी सूचना अशी की, आज्ञा एकाचीच मानावी. पन्नास माणसांच्या पन्नास सूचना झाल्या की जाळे जागच्या जागी राहते.

आता या विद्येवर आलेल्या संकटाविषयी. १९६० नंतरच्या काळात यांत्रिक नौका वाढल्या. ट्रॉलर ही नौका समुद्राच्या तळावरून जाळे फरफटत नेते. पर्ससीन या जाळ्याने सबंध थवा वेढून, बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याचा तळ आवळून, समुद्रातच उचलता येतो. या नौकांनी देशाचे मत्स्योत्पादन वाढविले आणि हजारोंना रोजगार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जो थवा किनाऱ्यास येणार, तो वाटेतच उचलला गेला तर रापणीने वाट कोणाची पाहावी? आपल्या शेजारच्या कर्नाटक किनाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे बांगडा आणि तारली पकडण्याचे मुख्य साधन रांपणी हेच होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन आली आणि थोड्याच वर्षांत मोठ्या रांपणी किनाऱ्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

गोव्यातील रापणकर मात्र त्याच सुमारास संघटित झाले. 'गोंयच्या रांपणकारांचो एकवट' या संघटनेने माथानी साल्ढाणा आदींच्या नेतृत्वाखाली मोर्चे आणि उपोषणे केली. किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवावे, ही त्यांची मागणी होती. गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० साली झाला आणि त्याखाली किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतची पट्टी यांत्रिक नौकांच्या मासेमारीपासून वगळण्यात आली. महाराष्ट्रातही असा कायदा १९८१ साली आला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या माशांच्या प्रजननाच्या काळात यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियमही आहे. प्रखर दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. कायदे झाले, ते पाळले जात नाहीत अशी रापणकरांची तक्रार मात्र अजून संपलेली नाही.

याखेरीज दुसरीही एक अडचण आहे आणि ती कायद्याने सुटणारी नाही. रापणीला हात लागतात. तरुण मुले नोकरीसाठी शहरात, जहाजांवर आणि परदेशी गेली. किनाऱ्यावर आरामखुर्च्या आणि खाद्यगृहे यांची गर्दी झाली, तेथे दोर ओढावयास मोकळी वाळू उरली नाही. जाळे आहे, होडी आहे, तांडेल आहे. परंतु दोन रांगा पुऱ्या होत नाहीत. मग जाळे गुंडाळून माडाखाली पडून राहते.

विद्यार्थी मित्रहो, जुने ते सारे टिकलेच पाहिजे, असा हट्ट कोणी धरू नये. आपणांपैकी फारच थोडे पुढे रापणकर होतील. परंतु किनाऱ्याजवळच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, समुद्राने दिलेले कसे वाटून घ्यावे आणि पुष्कळांनी मिळून एक काम कसे करावे, हे प्रश्न तुमच्यासमोरही उभे राहणार आहेत. आमची ती सहल परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलत नव्हते. मग त्या उत्तरेकडच्या गटातील एका मुलाने विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी पुन्हा जायचे ना? या खेपेस आम्ही सावकाश ओढू." दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो, आणि त्यांनी खरोखरच सावकाश ओढले.