नोकियाच्या देशात फोन फडताळात

हेलसिंकी : जूनच्या उत्तरार्धात एक शुक्रवार असा उजाडतो की या राजधानीत ट्राम धावतात, पण त्यात माणसे नसतात. दुकानांची शटर लवकर खाली येतात आणि रस्ते ओस पडतात. गणपतीच्या तोंडावर मुंबईतल्या चाळी रिकाम्या व्हाव्यात आणि सगळा चाकरमानी कोकणाच्या वाटेला लागावा, तसे हे युहान्नुसचे, म्हणजे उन्हाळ्याच्या ऐन मध्यावरच्या सणाचे दृश्य. गाडीच्या डिकीत बटाटे, सॉसेज, बिअर आणि डास पळवायचे औषध भरून फिनिश कुटुंब निघते ते थेट तळ्याकाठच्या आपल्या लाकडी झोपडीकडे. तिला इथे म्योक्की म्हणतात.

फिनलंडची लोकसंख्या साधारण 56 लाख आणि अशा म्योक्की सुमारे 5 लाख. तळी मोजायला बसले तर 1 लाख 88 हजार भरतात, म्हणजे काठाची टंचाई नाही. म्योक्की ही श्रीमंतांची मिरवायची वस्तू नव्हे. बस चालवणाऱ्याची असते, शाळामास्तरांची असते. ज्याची स्वतःची नसते त्याच्या आतेभावाची असते. आता याच झोपडीवरचे जगणे ‘डिजिटल डिटॉक्स’ या चकचकीत नावाने परदेशी पाहुण्यांना विकले जाऊ लागले आहे.

विकणारा देश कोणता, हे लक्षात घेतले की मौज वाटते. जगातला पहिला जीएसएम कॉल 1 जुलै 1991 रोजी याच हेलसिंकीतून लागला. माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी तो केला आणि जाळे उभारण्यात नोकियाचा हात होता. बरोबर 19 वर्षांनी, 1 जुलै 2010 पासून, सेकंदाला 1 मेगाबिट वेगाचे इंटरनेट मिळणे हा इथल्या प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क झाला. मोबाइलसाठी बोलीभाषेत रुळलेला ‘कॅन्युक्का’ हा शब्दसुद्धा मुळात नोकियाच्याच एका उपकंपनीचा ट्रेडमार्क. त्याचे मूळ ‘हात’ या शब्दात आहे. हातालाच फुटलेल्या या अवयवाचे काय करायचे, हा प्रश्न फिनिश माणसाला इतरांच्या आधीच पडला असणार.

त्यामुळे ‘रेंज नाही म्हणून शांतता’ हा आपल्याकडचा हिशेब इथे लागू पडत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या होमस्टेत फोन गप्प बसतो, कारण टॉवर डोंगराआड असतो; पाहुणे मग सकाळ-संध्याकाळ टेकाडावर चढून हात उंचावतात आणि त्याला निसर्गात फिरणे म्हणतात. फिनलंडच्या अरण्यात फोन वाजू शकतो. तो फडताळात ठेवायचा की नाही, हे ठरवावे लागते.

फिनलंडच्या आखातातल्या उल्को-ताम्मिओ या छोट्या बेटाने 2023च्या उन्हाळ्यात हेच उघडपणे मांडले. बेट राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, हामिना गावाहून बोटीने जाता येते. तिथे कायमची वस्ती नाही. पक्षी आहेत, पायवाटा आहेत आणि दुसऱ्या महायुद्धात तोफेसाठी खडकात कोरलेली एक गुहा आहे. स्थानिक पर्यटन संस्थेने पर्यटकांना आवाहन केले : इथे आलात की फोन खिशातच राहू द्या. जॅमर बसवला नाही, दंड लावला नाही, पहारेकरी नेमला नाही. शिट्टी फुंकणारा कोणी नसताना नियम पाळला जाईल असे गृहीत धरणे, हा मात्र अस्सल फिनिश भाबडेपणा किंवा फिनिश आत्मविश्वास. दोन्हींत फरक करणे परक्याला जड जाते.

शांतता विकण्याचा विचारही इथे जुना आहे. देशाची प्रतिमा घडवण्यासाठी 2008मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते योर्मा ओलिला, म्हणजे नोकियाला जगाच्या नकाशावर नेणारे गृहस्थ. शांतता ही देशाची साधनसंपत्ती आहे, ती बाजारात आणता येईल, हा मुद्दा त्या समितीच्या चर्चेत होता आणि पुढे 2011मध्ये पर्यटन मंडळाने ‘कृपया शांतता’ अशा अर्थाच्या ओळी देऊन निर्मनुष्य रानाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. ज्यांनी जगाला बोलते केले, तेच गप्प राहण्याचे मोल सांगत होते. 2023मध्ये मंडळाने आणखी एक पाऊल टाकले : साइमा तळ्याकाठच्या एका आलिशान रिसॉर्टवर 10 जणांना आनंदाचे धडे. अर्ज करायचा तर इन्स्टाग्राम किंवा टिकटॉकवर व्हिडिओ टाकायचा! फोनपासून सुटका हवी असेल तर आधी फोन काढा, असा तो मामला.

खरी गंमत रिसॉर्टात नाही, शेतकऱ्याच्या घरी आहे. साइमाच्या परिसरात बरीच शेतघरे पाहुण्यांना ठेवून घेतात. झोपायला अनेकदा आइत्ता मिळते, म्हणजे धान्य ठेवायचे जुने ओंडक्यांचे कोठार. त्याला भट्टी नसते, म्हणून ते उन्हाळ्यापुरतेच. पाणी विहिरीचे. संडास अंगणापलीकडे, त्याचे नाव हूसी. तिथे फ्लश नाही, बादलीत पीट माती आणि लाकडाचा भुसा असतो. काम झाले की वाडगाभर टाकायचा, पुढे त्याचे खत होते. कोकणातल्या आजीला यात नवे काही वाटणार नाही, पुण्याच्या फ्लॅटमधून आलेल्या नातवाला वाटेल. जेवणात मुइक्कू हे तळ्यातले बोटभर मासे. राय नावाच्या काळपट धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, काट्यांसकट खायचे.

आणि सावना, म्हणजे वाफस्नानाची खोली. ती तापायला तास-दोन तास लागतात. सरपण फोडा, ढलपी पेटवा, तळ्यातून बादल्या आणा, बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधा. बंबात चिपाडे घालून पाणी तापवलेल्या पिढीला ही लय ओळखीची आहे. यात फोन हातात धरायला हात मोकळाच राहत नाही, आणि आत गेल्यावर इतक्या उष्णतेत तो टिकणारही नाही. तापल्या दगडांवर पाणी ओतले की उठणाऱ्या वाफेला फिनिशमध्ये ‘ल्योयल्यु’ हा स्वतंत्र शब्द आहे. इथल्या सावना संस्कृतीला 2020मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. डिटॉक्सच्या जाहिरातीत ध्यान, श्वास वगैरे शब्द असतात. प्रत्यक्षात माणसाला फोन विसरायला लावते ती कुऱ्हाड.

पर्यावरणाचे नियम मात्र भाबडे नाहीत. सावनात अंग धुतलेले साबणाचे पाणी तळ्यात सोडायचे नाही. साइमात एक दुर्मीळ गोड्या पाण्यातला सील राहतो. गेल्या शतकात तो 200च्याही खाली गेला होता, आज 500च्या आसपास आहे. त्याची पिल्ले जाळ्यात अडकू नयेत म्हणून त्याच्या टापूत 15 एप्रिल ते 30 जून जाळी टाकायला बंदी असते. जवळच्या कोलोवेसी राष्ट्रीय उद्यानात तर मोटरबोटच चालत नाही; वल्हवत जायचे. तिथली शांतता अशी नियमांनी राखलेली आहे.

अर्थात म्योक्कीवरही काळ बदलतो आहे. अनेकांनी छपरावर सौर पॅनेल बसवले, त्यावर आधी दिवा लागला, मग फ्रिज आला, आता लॅपटॉप. घरून काम करण्याच्या सवयीने जुलैची सुट्टी ऑगस्टात लांबते, आणि धक्क्यावर पाय सोडून बसलेला माणूस मीटिंगमध्ये असू शकतो. राजधानीशेजारच्या एस्पो शहरात राहणारे मराठी अभियंतेही उन्हाळ्यात म्योक्की भाड्याने घेतात. कुकर आणि मिसळीचा मसाला सोबत असतोच. शाळांमध्ये तर 1 ऑगस्ट 2025पासून तासाला फोन वापरण्यावर कायद्यानेच मर्यादा आली. भरवशावर चालणाऱ्या देशालाही कुठेतरी कायदा करावा लागला, हे नोंदवायला हवे.

रानात जाणाऱ्याला यजमान एक व्यवहारी सूचना देतात : फोन बंद ठेवा, पण चार्ज करून ठेवा. 112 या आपत्कालीन क्रमांकाच्या सरकारी ॲपवरून फोन केला की मदत पथकाला ठिकाण आपोआप कळते.

उत्तरेकडच्या लॅपलंडात आउतिओतुपा नावाच्या उघड्या झोपड्या आहेत. कुलूप नाही, भाडे नाही, आरक्षण नाही. रिवाज असा की सर्वांत शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. आधी पोचलेल्यांनी सरकून जागा करायची, कारण तो जास्त दमलेला असतो. निघताना पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवायचे. टेबलावर दोरीला पेन्सिल बांधलेली वही असते. तीत पाहुणे तारीख लिहितात, वारा कुठून होता ते लिहितात, कोणता मासा लागला आणि डास किती होते तेही. पुढचा पाहुणा येतो, ओले मोजे चुलीवर टांगतो आणि ती वही वाचत बसतो.