कोणते शब्द आधी?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर पुस्तकांचे गठ्ठे चाळताना नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हाताला लागतेच. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक इथल्या स्पर्धा परीक्षावाल्यांनी अजून सोडलेले नाही. लुईस नुसती यादी पुढे करत नाहीत, शब्दांचे गोत्र सांगतात. ‘अँथ्रोपॉस’ म्हणजे माणूस, एवढे ग्रीक कळले की माणूसघाणा ‘मिसँथ्रोप’, दानशूर ‘फिलँथ्रोपिस्ट’ आणि मानवाचा अभ्यास करणारी ‘अँथ्रोपॉलॉजी’ एका दमात लक्षात राहतात. मिसँथ्रोपमधला द्वेषाचा ‘मिस’ आणि स्त्रीवाचक ‘गायने’ एकत्र आले की ‘मिसॉजिनी’चा अर्थ वेगळा पाठ करावा लागत नाही, गायनॅकॉलॉजिस्टच्या पाटीवरही तीच स्त्री भेटते.

तरी शिकायचे कोणते शब्द?

या प्रश्नाच्या मागे लागलेले मायकल वेस्ट ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षणखात्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून त्यांनी धड्यांतले दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ आली. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली त्यापुढची पायरी बांधली. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून, वेस्ट यांच्या यादीत नसलेली ५७० शब्दकुळे त्यांनी वेचली. ‘अलोकेट’, ‘इंटरप्रिट’, ‘हायपोथिसिस’ ही त्यातली. अभ्यासाच्या मजकुरात दर दहा शब्दांमागे साधारण एक या कुळांतला असतो. क्लासच्या भिंतीवर मात्र भलतेच भारदस्त शब्द मिरवताना दिसतात!

त्या भारदस्तपणाचा उलटा परिणामही होतो. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत, विनाकारण अवघड शब्द पेरलेला मजकूर लिहिणारा वाचकांना कमी हुशार वाटला. या संशोधनाला २००६ साली इग्नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसू आणणारे आणि मग विचार करायला लावणारे पारितोषिक. जीआरई परीक्षेनेही २०११ साली सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणे बंद केले. आता शब्द वाक्यात बसवून दाखवावा लागतो.

लक्षात ठेवण्यासाठी जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली कप्प्यांची पेटी अजून चालते. चिठ्ठीवरचा शब्द आठवला की ती पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी निघते; विसरला की थेट पहिल्या कप्प्यात. मोबाइलमधली ‘अंकी’सारखी ॲप हाच हिशेब स्वतः ठेवतात. चिठ्ठीवर सुटा अर्थ लिहिण्यापेक्षा जिथे तो शब्द भेटला ते अख्खे वाक्य उतरवलेले बरे.