निवृत्तीनंतरचा संसार

‘हे रिटायर होऊन दिवसभर घरात बसले, की माझं कसं व्हायचं?’ मैत्रिणींनो, ही धास्ती आपल्यापैकी पुष्कळजणींच्या मनात कुठेतरी असतेच. म्हणूनच आज एका माजी नौदल अधिकाऱ्याच्या संसाराची हकीकत सांगते. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. पण त्यांचं राजकारण आपण बाजूला ठेवू आणि घरात डोकावू.

जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या लहानशा गावचे कार्टर १९४६ साली नौदलात अधिकारी झाले. त्याच वर्षी गावातल्याच रोझलिनबाईंशी त्यांचं लग्न झालं. पाणबुडीवरची नोकरी, सारख्या बदल्या, तीन मुलगे. पण रोझलिनबाईंना हे स्वतंत्र बिऱ्हाड मनापासून आवडे. १९५३ साली सासरे वारले आणि कार्टरनी नोकरी सोडून शेंगांचा धंदा सांभाळायला गावी परतायचं ठरवलं. बायकोचं न ऐकता! बाई एवढ्या रागावल्या, की परतीच्या प्रवासात नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. ओळखीचं वाटतं ना?

पण रागावून बसून राहिल्या नाहीत. शेंगांच्या वखारीचे हिशेब त्यांनी शिकून घेतले आणि धंद्यात काय परवडतं, काय नाही, हे नवऱ्याला सांगू लागल्या. एवढं होऊनही १९६२ साली निवडणुकीला उभं राहताना कार्टरनी त्यांना आधी विचारलं नाही ते नाहीच! आपण असं वागलो, हे म्हातारपणी त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

१९८० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरून ते घरी आले, तेव्हा वय होतं ५६ आणि धंदा कर्जात बुडालेला. हात टेकावेत अशीच वेळ. पण १९८२ साली दोघांनी मिळून ‘कार्टर सेंटर’ काढलं. १९८४ पासून गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या कामाला दोघं दरवर्षी आठवडाभर जाऊ लागली. नुसती फीत कापायला नव्हे, हातात हातोडी घेऊन! २००६ साली आपल्या लोणावळ्याजवळ १०० घरं बांधायला ती आली, तेव्हा कार्टर ८२ वर्षांचे होते. आणि हे वळण घरचंच बरं का. त्यांच्या आई लिलियन यांनी वयाच्या ६८ व्या वर्षी मुंबईला येऊन विक्रोळीत परिचारिका म्हणून सेवा केली होती.

त्यांचं सर्वांत मोठं काम नारूविरुद्धचं. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा बाहेर पडणारा हा रोग एके काळी महाराष्ट्रातही होता. त्याच्यावर लस नाही, औषध नाही. उपाय एकच : पिण्याचं पाणी दाट विणीच्या फडक्याने गाळून घ्यायचं आणि रोग्याने तळ्याविहिरीत पाय घालायचा नाही. आपल्या सरकारी मोहिमेने भारत २००० साली नारूमुक्त ठरला. आफ्रिकेतल्या खेड्यांत मात्र कार्टर सेंटरने ही गाळण्याची सवय घरोघरी पोचवली. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख रोगी होते, २०२३ साली उरले १४! स्वयंपाकघरातल्या साध्या गाळण्याची ही किमया.

दोघांचं सगळं गोडीगुलाबीने चाले असं मात्र नाही. १९८७ साली एकत्र पुस्तक लिहिताना इतकी भांडणं झाली, की शेवटी कोणता मजकूर कुणाचा, हे अक्षर घालून वेगळं दाखवायची तोड काढावी लागली. रोझलिनबाईंचं स्वतःचं कामही होतंच. मानसिक रुग्णांसाठी त्या झटल्या आणि घरात आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी त्यांनी संस्था काढली. आजाऱ्याचं सगळेच विचारतात, उशाशी बसणारीचं कोण विचारतं?

२०२३ साली ९६ व्या वर्षी रोझलिनबाई गेल्या. वर्षभराने, २०२४ च्या डिसेंबरात, शंभरी गाठून कार्टरही गेले. संसार ७७ वर्षांचा!

आपल्याला घरं बांधायला जायला नको. पण गावातलं वाचनालय आहे, रक्तदान शिबिर आहे, शेजारच्या मुलांचा अभ्यास आहे. रिटायरमेंटची वाट न पाहता आठवड्याचा एखादा तास दोघांनी मिळून द्यायला आतापासूनच लागा. एक काम दोघांचं आणि एक अगदी आपलं स्वतःचं. आणि हो, ते कोणतं हे ठरवताना आपल्यालाही आधी विचारलं पाहिजे, एवढं मात्र आजच यांना सांगून ठेवा!