शाई कागदाला लागण्यापूर्वी

गिरणाकाठच्या भडगावात, आखाजीच्या सुमारास लग्नसराई ऐन भरात असताना, एखाद्या लहानशा छापखान्यात घटकाभर बसले म्हणजे ध्यानात येते की, पत्रिकेचे बरेवाईट यंत्र सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. यजमान मोबाइलवरची गणपतीची तसबीर पुढे करतात आणि ‘भाऊ, अगदी अशीच आली पाहिजे’ असा हुकूम सोडतात. परंतु काचेवरचा तो झळाळता भगवा प्रकाशाचा असतो, आणि कागदावर तो सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शायांच्या मेळातून साधायचा असल्यामुळे थोडासा मावळणारच. हे आधीच सांगून ठेवणारा ऑपरेटर मला शहाणा वाटतो.

तसबिरीचेही तेच. पाच इंच रुंद छापायची तर दर इंची 300 या हिशेबाने 1500 ठिपके हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ठिकाणी फिरून आलेल्या चित्रात ते बहुधा उरलेले नसतात, आणि ताणून मोठे केले म्हणून नवे तपशील उगवत नाहीत. पार्श्वरंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कडेबाहेर 3 मिलिमीटर सोडावा लागतो, त्यास ब्लीड म्हणतात; कटिंगचे पाते केसभर सरकले तरी मग पांढरी रेघ डोकावत नाही.

देवनागरीची अडचण मात्र तिची स्वतःची. मरून रंगावर पांढरी बारीक अक्षरे उठवण्याची हौस मोठी. पण तो मरून तीनचार शायांचा असतो, आणि त्यातली एखादी जागेवरून किंचित ढळली की सर्वांआधी अनुस्वार बुजतो, मग रफार, मग वेलांटीचे टोक. ‘चिंचोले’चे ‘चिचोले’ झालेले कोणत्या वधूपित्यास खपेल? म्हणून बारीक मजकूर फिक्या पार्श्वभूमीवर, निव्वळ काळ्या शाईत ठेवावा. माझ्या भाचीच्या पत्रिकेची फाईल अक्षरे ‘कर्व्ह’ न करताच, म्हणजे त्यांचे आकृत्यांत रूपांतर न करताच, मी एका छापखान्यात धाडली होती; तिथल्या संगणकावर फाईलमधला जुन्या धाटणीचा फॉन्ट नव्हता, आणि ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक काला उमटला. चूक सर्वस्वी माझी होती.

छापील गणपतीवर भिंग धरावे, म्हणजे सोंडेचा शेंदरी रंग मुळात नसून पिवळे व मॅजेंटा ठिपके शेजारी-शेजारी बसले आहेत, हे दिसते. प्रत्येक शाईची जाळी निराळ्या कोनात वळवलेली असते, साधारणतः काळी 45 अंशांत, मॅजेंटा 75 अंशांत. कोन चुकले की चित्रावर नको ती लहरी नक्षी उमटते. राजा रविवर्म्यांच्या मुद्रणालयातून 1894 साली ‘शकुंतलाजन्म’ निघाले, तेव्हा शिळाछापाच्या कारागिरांना एकेका रंगासाठी निराळा दगड सिद्ध करावा लागे, आणि दगडावरचे चित्र उलटे असे, कारण कागदावर ते सुलटे यायचे असते. दगड गेले, प्लेटा आल्या. रंग सुटे करण्याची ती विचारपूर्वक तजवीज मात्र उरलीच आहे, आता ती माउस धरणाऱ्या पोराच्या माथी आली आहे इतकेच.

तेव्हा पत्रिका टाकायला जाल, तर छायाचित्राची मूळ फाईल सोबत न्या, प्रूफ पडद्यावर नव्हे तर कागदावर मागा, आणि दोन्ही घरची नावे अनुस्वारासकट मोठ्याने वाचून झाल्यावरच सही करा.