काचेचं घर निसर्गात मिसळतं कसं?

शिकागोपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी एक जगप्रसिद्ध घर आहे. वास्तुकार मीस व्हान डर रोह यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेलं हे घर १९५१ मध्ये पूर्ण झालं. आठ पांढरे पोलादी खांब, वर छत, खाली फरशी आणि चारही बाजूंना काच. झाडं, नदी, बर्फ सगळं थेट घरात आल्यासारखं दिसतं. राहणाऱ्या डॉक्टरांना मात्र उन्हाळ्यात उकाडा, हिवाळ्यात काचांवरून ओघळणारं पाणी आणि रात्री दिव्यांभोवती जमणारे किडे सोसावे लागले. असं का झालं?

काचेतून दिसणारा प्रकाश सहज आत येतो. त्याने तापलेली फरशी आणि फर्निचर जे दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतात, त्यांना मात्र काच आरपार जाऊ देत नाही. त्यात गरम हवेला बाहेर पडायला वाव कमी: या घरात दारांखेरीज उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही लहान.

हिवाळ्यात उलटं होतं. आत-बाहेर १ अंश सेल्सिअसचा फरक असेल, तर एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५.७ वॅट उष्णता निसटते. बाहेर उणे १० आणि आत २१ अंश असताना काचेची आतली बाजू शून्याच्या आसपास उतरते. घरातली बाष्पयुक्त हवा तिला टेकली की दव जमतं.

आज यावर उपाय आहेत. दोन काचांमध्ये आर्गॉन वायू भरतात आणि एका काचेवर चांदीचा, काही नॅनोमीटर जाडीचा, ‘लो-ई’ थर देतात. हा थर प्रकाश आत सोडतो, पण अवरक्त किरण परावर्तित करतो. उष्णतेची गळती १.२ ते १.५ वॅटवर येते. तरी चांगल्या भिंतीचा आकडा ०.३ च्या आसपास असतो, हे विसरू नये.

म्हणून काच कुठल्या दिशेला आहे, हे महत्त्वाचं. प्लेनोच्या अक्षांशावर २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७२ अंश वर असतो, २१ डिसेंबरला फक्त २५ अंश. दक्षिणेकडे २.४ मीटर उंच काच असेल आणि तिच्या माथ्यावर सुमारे ८० सेंटिमीटरचा सज्जा काढला, तर जूनमध्ये भर दुपारी पूर्ण काच सावलीत राहते. डिसेंबरमध्ये तोच सज्जा वरचा जेमतेम ४० सेंटिमीटर भाग झाकतो आणि ऊन आत येतं. पश्चिमेला सूर्य खाली असल्याने सज्जा निरुपयोगी. तिथे पानगळीची झाडं हवीत. फार्न्सवर्थ घरालाही दक्षिणेकडच्या एका मोठ्या मॅपलने बरीच वर्षं सावली दिली.

निसर्गात फक्त आपण नसतो. काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसलं की पक्षी तिकडे झेपावतात. २०१४ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला साधारण ३६ ते ९९ कोटी पक्षी मरतात. काचेच्या बाहेरच्या बाजूला ५-५ सेंटिमीटरवर ठिपके असतील तर पक्षी त्यांच्यामधून जाण्याचा प्रयत्न सहसा करत नाहीत.

आणि नदी? पुराचा विचार करून हे घर जमिनीपासून सव्वापाच फूट उचललेलं होतं. तरीही १९५४ मध्ये पाणी आत शिरलं. १९९६ च्या पुराने तर काचाही फोडल्या.

निसर्गात मिसळणं म्हणजे केवळ आरपार दिसणं नव्हे. सूर्याचे कोन, पक्ष्यांची नजर आणि नदीची पातळी यांचा हिशेब नकाशावर आधी मांडावा लागतो.

तुमच्या खिडकीची काच कशी आहे, ते आज रात्री तपासता येईल. फोनचा टॉर्च दुहेरी काचेजवळ तिरका धरा. चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल, तर तिथे लो-ई थर आहे.